कामावर असलेला आजारी माणूस



१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगार कपातीची व्याख्या दिलेली होती. शिक्षा म्हणून नव्हे, तर इतर कोणत्याही कारणाने मालकाने कामगाराला कमी केलं, तर ती कपात. कपात ठरली की महिन्याची नोटीस आली, नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई आली. पण व्याख्येच्या शेवटी काही अपवाद होते, आणि त्यातला एक अगदी छोटा होता : सततच्या अनारोग्याच्या कारणावरून नोकरी संपवणं. ही कपात धरायची नाही. म्हणजे मंदी आली म्हणून ज्याला घरी बसवलं त्याला भरपाई मिळायची, आणि शरीर साथ देईना म्हणून ज्याला घरी बसवलं त्याचा या कलमाखाली हक्कच उभा राहत नसे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. जुन्यातलं पुष्कळ बदललं.  पण या अपवादावर संसदेत किंवा बाहेर मोठा वाद झाल्याचं कुणाला आठवणार नाही, आणि मला काळजी वाटते ती याचीच.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. आपला कामगार कायदा धडधाकट माणसाला ओळखतो, अंथरुणाला खिळलेल्याला ओळखतो आणि अपंगत्वाचा दाखला असलेल्याला ओळखतो. आजार घेऊन रोज कामावर येणारा माणूस त्याच्या नजरेत बसत नाही. या माणसाला पगारी सुट्टीपेक्षाही अधिक गरज असते ती कामाच्या रचनेत थोडा बदल मागण्याच्या हक्काची. तो हक्क कसा लिहावा, याचा चांगला मसुदा आपल्याच देशात तयार आहे. तो एका आजारापुरता लिहिला गेला आणि तिथेच थांबला.

हा माणूस अपवादात्मक नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या इंडियाब पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात देशातल्या मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख धरली आहे, आणि प्रौढांपैकी ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब. यातले कितीतरी लोक या क्षणी कुठल्या ना कुठल्या मशीनवर, काउंटरवर, स्टिअरिंगमागे उभे किंवा बसलेले आहेत. दीर्घ आजाराचं वागणं तापासारखं नसतं. ताप येतो आणि जातो. संधिवात सकाळी बोटं मिटू देत नाही आणि दुपारी त्याच हातांना काम करू देतो. अपस्मार असलेला माणूस महिनोन्‌महिने ठणठणीत असतो, पण लागोपाठ रात्रपाळ्या लागून झोप मोडली की फीट येण्याचा धोका वाढतो. विदर्भात, नंदुरबारात, पालघरात आदिवासी कुटुंबांमध्ये सिकलसेल आहे. अतिश्रम, थंडी आणि पाणी कमी पडणं यांनी त्याचा वेदनेचा झटका उठतो. हे आजार कामाशी बोलत असतात. पाळी कोणती, पाणी किती लांब, बसायला मिळतं की नाही, यावर आजाराचं चढणं-उतरणं ठरतं. म्हणून यांच्या बाबतीत 'आजारी की बरा' हा प्रश्नच चुकीचा पडतो. 'कशा परिस्थितीत काम करू शकतो' हा खरा प्रश्न आहे, आणि तो विचारायची सक्ती आपल्याकडे बहुतेक मालकांवर नाही.

डायलिसिसचं उदाहरण घ्या. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी साधारण चार तास. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत आणि वीस दिवसांच्या कामामागे एक भरपगारी रजा, जी पंचेचाळीस दिवसांपर्यंत साठवता येते. आजारपणाची म्हणून वेगळी रजा त्यात नाही. दर डायलिसिसला एक रजा धरली, सगळ्या रजा पहिल्या दिवसापासून हाताशी आहेत असंही धरलं, तरी आठ रजा जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सरतात आणि साठवलेल्या पंचेचाळीस मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. त्यापुढे प्रत्येक डायलिसिस हा खाडा, बिनपगारी. याच माणसाला डायलिसिसची संध्याकाळची वेळ मिळाली आणि मालकाने ते तीन दिवस त्याला पहिल्या पाळीत ठेवायचं कबूल केलं, तर एकही रजा खर्ची पडत नाही. रजेने जे वर्षभर पुरं पडत नाही, ते पाळीच्या तक्त्यातल्या एका बदलाने भागतं. पण पाळी बदलून मागण्याचा त्याला हक्क नाही, विनंती आहे.

आपल्या बोलण्यात यासाठी एक शब्द रूढ आहे : लाइट ड्यूटी. कारखान्यात, एस. टी. च्या डेपोत, पालिकेच्या चौकीत तो सर्रास ऐकू येतो. साहेबाने लाइट ड्यूटी दिली, युनियनने मिळवून दिली, नवा साहेब आला आणि काढून घेतली. या शब्दात माणुसकी आहे, ती मी नाकारत नाही. कायदा मुका असताना पुष्कळ सुपरवायझरांनी आणि मुकादमांनी आपल्या अंगावर घेऊन माणसं सांभाळली आहेत. पण साहेबाच्या बदलीबरोबर जाते ती सवलत. आजार तर कुणाच्या बदलीबरोबर जात नाही.

कायद्याला हे का दिसलं नाही, याचं उत्तर इतिहासात आहे आणि ते कुणाला दोष देणारं नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा घेऊन ज्या मागण्या मांडल्या, त्यात रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती तर होतीच, पण हेही होतं की कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचा पंगू झाला तर त्याच्या पोटापाण्याची तजवीज व्हावी. त्या काळात ही मागणी फार पुढची होती. तिच्यासमोरचं चित्र पट्ट्यात हात सापडलेल्या कामगाराचं होतं. पुढे डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना प्रा. बी. पी. आडारकर यांचा आरोग्य विम्याचा अहवाल १९४४ मध्ये आला, आणि त्याच्या पायावर १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. ई. एस. आय. चा दवाखाना म्हणून आपण ज्याला ओळखतो तो हाच. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सत्तर टक्के पगार, आणि ३४ ठरावीक दीर्घ आजारांसाठी दोन वर्षांपर्यंत ऐंशी टक्के. हा लाभ घेत असताना कामगाराला काढता येणार नाही, असं त्याचं ७३ वं कलम सांगत होतं. फार मोलाची तरतूद. पण ती चालायची कामगार कामावर नसताना.

त्या ३४ आजारांची यादी एकदा बारकाईने वाचण्यासारखी आहे. मधुमेह त्यात आहे, पण नुसता नाही : डोळ्याचा पडदा बिघडलेला, मूत्रपिंड बाधलेलं किंवा पायाला मधुमेही जखम झालेली, असा मधुमेह. ज्याला दुपारी वेळेवर जेवण आणि बसायला जागा मिळाली असती तर ती जखम टळू शकली असती, त्याच्यासाठी यादीत जागा नाही. जखम झाली की आहे. शिवाय २०१७ पासूनची महिना २१,००० रुपये पगाराची मर्यादा ओलांडणारा या छत्राबाहेर. आणि ७३ व्या कलमाची धारही साठच्या दशकातच बोथट झाली. बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा अर्थ लावला, की स्थायी आदेशात 'आठ दिवस विनापरवानगी गैरहजर तर नोकरी सोडली असं धरावं' अशी तरतूद असेल, तर त्या मार्गाने गेलेली नोकरी या कलमाने वाचत नाही. आजारी माणसाच्या हातून पहिलं चुकतं ते नेमकं हेच, वेळेवर अर्ज पोहोचवणं.

दुसरा आधार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा. त्याने यादी २१ प्रकारांची केली. सिकलसेल, थॅलसेमिया, हिमोफिलिया, मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन हे त्यात आले. मधुमेह, अपस्मार, दमा, मूत्रपिंडाचा विकार, आतड्याचे दाहक आजार त्यात आजाराच्या नावाने नाहीत. आणि नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येणार नाही, त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागेल, ही सगळ्यात भक्कम तरतूद फक्त सरकारी आस्थापनांना बांधते. तिच्या जुन्या रूपावर, म्हणजे १९९५ च्या कायद्याच्या ४७ व्या कलमावर, कुणाल सिंग खटल्यात २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाय गमावलेल्या जवानाची नोकरी राखली. खासगी कंपनीत याच जागी काय होतं, ते मी आरंभी सांगितलेला अपवाद ठरवत आला.

आता ही पोकळी कामाच्या ठिकाणी कशी दिसते, ते जवळून पाहू. असेंब्ली लाइनवर उभा असलेला, इन्सुलिनवर असलेला एक कामगार डोळ्यांसमोर आणा. पिशवी आणि डबा गेटजवळच्या लॉकरमध्ये, लाइनवर खाण्याची वस्तू न्यायला बंदी. लाइन सोडायची तर रिलीव्हर यावा लागतो, आणि रिलीव्हर तीस माणसांमागे एक. साडेअकराला त्याला घाम फुटतो, बोटं थरथरतात, समोरचा स्क्रू दोन दिसतो. साखर उतरली आहे. उपचार म्हणजे चार-पाच चमचे साखर किंवा ग्लुकोज, आणि पंधरा मिनिटं बसणं. त्याच्या आणि या उपचारामध्ये ज्या गोष्टी उभ्या आहेत त्या मोजा : खिशात ग्लुकोजची पुडी ठेवायची परवानगी, बसायला स्टूल, हाकेला येणारा रिलीव्हर. तिन्हीचा खर्च एका बिघडलेल्या सुट्या भागाहून जास्त नसेल. तरी तो मागत नाही. कारण मागायचं तर मधुमेह आहे असं सांगावं लागेल, आणि तो कंत्राटदाराच्या पटावर असेल तर सांगितल्यावर पुढच्या महिन्यात त्याचं कार्ड चालेलच असं नाही. म्हणून तो सकाळचं इन्सुलिन थोडं कमी घेतो. साखर उतरत नाही, चढी राहते. वीस वर्षं चढी राहिली की तो ई. एस. आय. च्या यादीत बसण्याइतका आजारी होतो.

यावर उपाय म्हणून कोणता हक्क हवा? मला तो १९९७ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालात पहिल्यांदा स्पष्ट दिसतो. एका सार्वजनिक उपक्रमात हंगामी मजुरी करणाऱ्या माणसाला एच. आय. व्ही. आढळला म्हणून काम नाकारलं गेलं. त्याला नाव न सांगता लढण्याची मुभा न्यायालयाने दिली, आणि निकाल दिला की काम करण्याची क्षमता आहे आणि इतरांना मोठा धोका नाही, अशा माणसाला केवळ रक्ततपासणीवरून काम नाकारणं घटनेच्या १४ व्या आणि २१ व्या अनुच्छेदांचा भंग आहे. वीस वर्षांनी, २०१७ मध्ये, एच. आय. व्ही. आणि एड्स कायदा झाला आणि २०१८ च्या सप्टेंबरात लागू झाला. त्याची रचना पाहा. नोकरीसाठी तपासणीची अट घालायची नाही. कामावरून काढायचं असेल तर दोन कागद त्या माणसाच्या हातात द्यावे लागतात : स्वतंत्र, पात्र वैद्यकीय व्यक्तीचं लेखी मत, की हा माणूस या कामाला असमर्थ आहे किंवा त्याच्यामुळे संसर्गाचा मोठा धोका आहे, आणि मालकाचं लेखी निवेदन, की कामात आवश्यक ते फेरफार करणं आपल्याला कोणत्या प्रशासकीय किंवा आर्थिक अडचणीमुळे जमत नाही. हा कायदा खासगी मालकालाही लागू आहे. 'वाजवी सोय' म्हणजे कामातले छोटे फेरफार, ज्यांनी पात्र माणूस कामाचा गाभा पार पाडू शकेल, असंही त्यात लिहिलं आहे.

माझी मागणी एवढीच आहे की हे दोन कागद प्रत्येक दीर्घ आजाराला लागू करावेत. 'सततचं अनारोग्य' या शब्दांवर नोकरी संपवण्याआधी मालकाने दाखवावं, की कोणते फेरफार करून पाहिले आणि ते का पुरले नाहीत. आणि त्यानंतरही काढावं लागलं तर कपातीची भरपाई द्यावी. नव्वदच्या दशकाच्या उंबरठ्यावर आनंद बिहारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर दृष्टी अधू झालेले बसचालक होते. न्यायालयाने त्यांची सेवासमाप्ती अनारोग्याच्या अपवादातच बसवली, पण त्याच वेळी महामंडळाला सांगितलं की त्यांना दुसरं काम द्या, आणि नसेल तर उरलेल्या नोकरीच्या प्रमाणात जादा भरपाई द्या. अपवादाचे शब्द न्याय देत नाहीत, हे न्यायालयाला तेव्हाच जाणवलं होतं. कायदा मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं बदलला नाही.

यावर पहिला आक्षेप गैरवापराचा. खोट्या सर्टिफिकेटांचा सुळसुळाट होईल. सर्टिफिकेटं आज खोटी निघतात, ती कशामुळे, हे आधी पाहायला हवं. ज्याला सकाळी एक तास उशिरा यायचं आहे त्याला तो तास मागता येत नाही. त्याला तीन दिवसांचा ताप दाखवावा लागतो, कारण व्यवस्था फक्त ताप समजते. खरी गरज सांगायची सोय झाली तर खोटं बोलण्याचं कारणच पुष्कळ कमी होईल. आणि स्टूल मिळावं, पाळी ठरावीक असावी, यासाठी कोण कशाला खोटं बोलेल?

दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. फीट येणाऱ्या माणसाला बसचं स्टिअरिंग देऊ नये. वाहन परवान्याच्या अर्जात तो प्रश्न स्पष्ट विचारलेलाच असतो. पण तो नियम एका कामापुरता आहे. त्याच माणसाला बुकिंग खिडकीवर, स्टोअरमध्ये, हिशेबाच्या टेबलावर नाकारायला सुरक्षेचं नाव घेतलं जातं, तिथे माझा विरोध आहे. खर्चाचं म्हणाल तर अमेरिकेतल्या जॉब ॲकॉमोडेशन नेटवर्कने मालकांच्याच पाहण्या केल्या आहेत, आणि त्यात जवळपास निम्म्या सोयींना काहीच पैसे लागले नाहीत असं मालकांनी सांगितलं. हे मालक स्वतःहून सल्ला मागायला आलेले होते, तेव्हा आकडा जसाच्या तसा आपल्याकडे लावू नये. तरी दिशा खरी आहे. आणि ज्या छोट्या दुकानदाराला खरोखर जमत नाही त्याच्यासाठी अडचणीचं लेखी निवेदन हा रस्ता एच. आय. व्ही. कायद्यात मोकळा ठेवला आहे.

दिव्यांग चळवळीतून एक शंका येते, की सगळ्याच आजाऱ्यांना आत घेतलं तर मूळ हक्क पातळ होतील. आरक्षणाच्या जागा मोजक्या असतात, तिथे ही भीती रास्त आहे आणि चाळीस टक्के अपंगत्वाची अट तिथे राहावी. पण सोय ही जागेसारखी मोजकी वस्तू नाही. विकाश कुमार खटल्यात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लेखनिक मिळवण्यासाठी ती अट लागू नाही असंच ठरवलं. बसायच्या सोयीचंच पाहा. १९४८ च्या कारखाने कायद्यात उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायची व्यवस्था असावी असं ४४ वं कलम होतं. कापडाच्या दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांना तो हक्क मिळायला केरळात २०१८ उजाडलं आणि तामिळनाडूत २०२१. स्टूल सगळ्यांना मिळालं की संधिवात असलेलीला आपला आजार सांगण्याचीही गरज उरली नाही, आणि त्यामुळे कुणाचं काही कमीही झालं नाही.

मला सगळ्यात जड वाटणारा आक्षेप सोबत काम करणाऱ्यांचा आहे. त्याला रात्रपाळी नाही म्हणजे ती आमच्या वाट्याला येते. हे खरं आहे, आणि हक्काची भाषा बोलणारे आम्ही लोक ते पुष्कळदा टाळतो. कमी माणसांत काम ओढायची पद्धत असेल तर एकाची सोय ही शेजाऱ्याच्या पाठीवर जाते, मग शेजारीच पहिला विरोधक होतो. त्यामुळे सोयीचा हिशेब मनुष्यबळात धरला पाहिजे. तीस माणसांमागे एक रिलीव्हर हे प्रमाण कुणीतरी ठरवलेलं असतं, ते निसर्गनियम नाही. युनियनने करारात पगारवाढीच्या शेजारी रिलीव्हरची संख्या मांडली, तर आजारी आणि निरोगी या दोघांचं हित एकाच ओळीत येईल.

आणखी एक गोष्ट तातडीने हाताळायला हवी. नव्या श्रमसंहितांबरोबर चाळिशीपुढच्या कामगारांची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी जाहीर झाली आहे. चांगलं पाऊल. पण तपासणीतून निदान निघतं, आणि ते कुणाच्या हाती जातं हा प्रश्न उरतो. एच. आय. व्ही. कायद्याने ती माहिती गुप्त ठेवली. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने आरोग्याच्या माहितीला वेगळी कडी लावलेली नाही, आणि नोकरीच्या कारणासाठी मालकाला संमतीशिवायही माहिती वापरता येते. संरक्षणाआधी निदान आलं, तर तपासणीची तारीख ऐकून लोक रजा टाकतील. साहेबापर्यंत जावा तो फक्त 'काय बदल हवा' एवढा मजकूर. आजाराचं नाव डॉक्टरापाशी राहावं.

हे सारं पटावरच्या माणसांचं झालं. ऊसतोडीत पट नाही, मुकादमाची उचल आहे आणि खाड्याला दंड आहे. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीची माहिती आली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. कारणं अनेक होती : खासगी दवाखान्यांचं वागणं, कर्करोगाची घातलेली भीती, फडात शौचालय आणि पाणी नसणं. पण वर्षानुवर्षं अंगावर काढलेला पांढऱ्या पाण्याचा, ओटीपोटाच्या दुखण्याचा आजार आणि एकही खाडा न परवडणं, हा धागा या सगळ्यांतून जातो. कामाच्या रचनेत बदल मागता येत नव्हता, म्हणून बदल शरीरात केला गेला. इथे दोन लेखी कागदांचा नियम आज पोहोचणार नाही, हे मला दिसतं. पण साखर कारखान्यांचा संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्यात तोडणीच्या दराचा करार होत असतो. आजारपणाच्या खाड्याला दंड लागणार नाही आणि उचलीतून तो वळता होणार नाही, हे कलम त्या करारात घालायला कुठल्या नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. पुढचा करार होईल तेव्हा दरासोबत हे कलम टेबलावर असावं, अशी माझी दोन्ही बाजूंना विनंती आहे.